वाघाचे चित्र आणि वाघाचे रक्षण

आमच्या बालाघाट जिल्ह्यात ‘शूटिंग’ या शब्दाचा अर्थ एका पिढीत पालटला. जुन्या मंडळींच्या काळी जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. परवाना काढून साहेबलोक येत, संस्थानिक येत, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शिकार कंपन्यांचे परदेशी पाहुणे येत. मचाण बांधावयाचे, गारा बांधावयाचा, हाका घालण्यासाठी गावोगावची माणसे रोजाने लावावयाची, आणि वाघ पडला की शूटिंग पार पडले असे म्हणावयाचे, अशी रीत होती. १९७० च्या सुमारास वाघाच्या शिकारीला बंदी आली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आजच्या मुलांना ‘शूटिंग’ म्हटले की बंदूक आठवत नाही, कॅमेरा आठवतो. हा पालट कायद्याने झाला खरा, पण एकट्या कायद्याने झाला नाही. वाघ मारण्यापेक्षा वाघ पाहणे अधिक मोलाचे आहे, हे लोकांच्या मनात उतरावे लागले. आणि ते उतरविण्याचे पुष्कळसे काम जंगलातील अनुबोधपट तयार करणाऱ्या माणसांनी केले.

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दानशूरांची व समाजसेवकांची चरित्रे येतात, आणि ती यावीतच. तथापि, ज्या सालवनाच्या आणि बांबूच्या रानाच्या कडेला आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, त्या रानातील वाघ ज्यांनी जगाच्या पडद्यावर नेला, आणि पुढे त्याच वाघासाठी ज्यांनी आपला कॅमेरा खाली ठेवला, अशा एका बाईंची माहितीही आपल्या मुलामुलींना असावी असे आम्हांस वाटते. त्यांचे नाव बेलिंडा राइट.

बेलिंडाबाईंचा जन्म १९५३ साली कलकत्त्यास झाला. घराणे इंग्रज, पण स्वातंत्र्यानंतर परत न जाता येथेच राहिलेले. वडील रॉबर्ट राइट हे पुढे कलकत्त्याच्या टॉलीगंज क्लबचे व्यवस्थापक होते. आई ॲन राइट यांचे बालपण जुन्या मध्यप्रांतातील जंगलांच्या सान्निध्यात गेलेले असल्यामुळे रानाची ओढ घरात आधीपासूनच होती. १९७० च्या सुमारास कलकत्त्याच्या बाजारात वाघ-बिबट्यांची कातडी उघडपणे विकली जात. तो व्यापार ॲनबाईंनी वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर आणला. जागतिक वन्यजीव निधीची भारतीय शाखा १९६९ साली निघाली, तिच्या संस्थापक विश्वस्तांत त्या होत्या. आणि पुढे ‘प्रोजेक्ट टायगर’ची आखणी ज्या समितीने केली, तिच्याही त्या सदस्य होत्या. १९८० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत या कुटुंबाने कान्ह्याच्या सीमेवर, मंडला जिल्ह्याच्या बाजूस, ‘किपलिंग कॅम्प’ हे निवासस्थान उभारले. तेव्हापासून या कुटुंबाचा आणि आपल्या मुलखाचा संबंध जडला तो कायमचा.

कान्ह्याचा इतिहासही येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. १९३३ साली तेथे अभयारण्य झाले, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९७३ साली ‘प्रोजेक्ट टायगर’ सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ वनांत कान्ह्याची निवड झाली. त्याचा काही भाग मंडला जिल्ह्यात आणि काही आपल्या बालाघाट जिल्ह्यात आहे. मुक्की आणि सुपखार ही नावे आपल्याला परकी नाहीत. १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर नावाचे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ कुटुंबासह येथे येऊन राहिले. वाघ काय खातो, किती फिरतो, पिलांना कसे वाढवितो, हे त्यांनी दिवसच्या दिवस निरीक्षण करून लिहून काढले. त्यांचा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. वाघाचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणून जगात जो पहिला मानला जातो, तो आपल्या शेजारच्या रानात झालेला आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

आता वन्य प्राण्यांचा अनुबोधपट म्हणजे काय प्रकार आहे, ते पाहू. नाटकाच्या बोलपटात नट सांगितल्याप्रमाणे हालतो, आणि चुकला तर पुन्हा करावयास लावता येते. वाघाला असे काही सांगता येत नाही. तो येईल तेव्हा येईल. अंधारात आला तर चित्र उठत नाही. आणि कॅमेऱ्याचा आवाज ऐकला तर निघून जातो. या आवाजाची अडचण फार जुनी आहे. शिकारी म्हणून प्रसिद्ध असलेले जिम कॉर्बेट पुढे बंदूक सोडून कॅमेऱ्याकडे वळले, तेव्हा त्यांनी एका लहान ओढ्यावर जागोजागी छोटे बांध घातले. हेतू असा की, बांधावरून पडणाऱ्या पाण्याच्या खळखळाटात कॅमेऱ्याची घरघर बुडून जावी. त्या एका जागी त्यांनी सात वाघांचे चित्रण केले. त्याच्याही पूर्वी संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी रानवाटेवर तार ताणून ठेवण्याची युक्ती काढली होती. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश पडे आणि वाघ स्वतःच आपले छायाचित्र काढून घेई. त्यांचे पुस्तक १९२७ सालचे आहे. आज वनखाते झाडांना जे कॅमेरे बांधून वाघ मोजते, त्यांची ही आजीच म्हणावयाची.

बेलिंडाबाई या क्षेत्रात आल्या तेव्हा अशी कामे १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होत. ही फिल्म दर मिनिटाला ३६ फूट सरकते. ४०० फुटांचे एक रीळ म्हणजे अवघी ११ मिनिटे. वाघ दिसल्यावर रीळ संपले, तर नवे घालेपर्यंत वाघ थांबत नाही. म्हणून कॅमेरा केव्हा सुरू करावयाचा आणि केव्हा बंद ठेवावयाचा, यातच निम्मी विद्या असे. शिवाय काय टिपले गेले ते लगेच दिसत नसे. रिळे डबाबंद करून दूरच्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवावयाची, आणि ती धुऊन येईपर्यंत सर्व देवाच्या हवाली. उन्हाळ्यात फिल्म तापू नये, पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरू नये, यांचीही चिंता वाहावी लागे. आता लहान यंत्रात तासन्‌तास चित्रण मावते आणि ते जागेवर पाहताही येते. तरीही वाट पाहणे काही कमी झालेले नाही.

आणि हे वाट पाहणे आळशीपणाचे नसते. चितळ कोणत्या दिशेला मान करून ओरडले, वानर झाडाच्या शेंड्यावरून कोणाकडे पाहून इशारा देतो आहे, पंजाचा ठसा पहाटेच्या दवाच्या आधीचा की नंतरचा, हे सर्व वाचता यावे लागते. कान्ह्यात वाघाच्या जवळ जाण्याचे साधन म्हणजे वनखात्याचे हत्ती. माहूत पहाटे हत्ती घेऊन निघे आणि ठसे पाहत वाघापर्यंत पोहोचे. पडद्यावर माहुताचे दर्शन क्वचितच होते. पण त्याची नजर नसती तर पडद्यावर वाघही आला नसता. आपल्याकडील गोंड आणि बैगा माणसांजवळ ही विद्या पिढीजात आहे. चित्रकाराला मिळालेल्या मानात त्यांचाही वाटा आहे, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

बेलिंडाबाईंनी प्रथम साधी छायाचित्रे काढून नाव मिळविले; अमेरिकेतील ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या जगप्रसिद्ध संस्थेसाठी त्या काम करू लागल्या. पुढे ऑस्ट्रेलियातील निसर्गलेखक व छायाचित्रकार स्टॅनली ब्रीडन यांच्यासह त्यांनी त्याच संस्थेसाठी ‘लँड ऑफ द टायगर’ हा अनुबोधपट केला. त्याचे चित्रण आपल्या कान्ह्यात आणि राजस्थानातील रणथंभोरला झाले. ही जोडी निवडण्यात शहाणपण होते. कान्ह्याचा वाघ सालवनाच्या सावलीतला आणि उंच गवतातला. त्याला हत्तीवरून शोधावे लागते. रणथंभोरला रान विरळ, तळी उघडी, आणि त्या वर्षांत फतेहसिंह राठोड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वाघ दिवसाढवळ्या बाहेर फिरू लागले होते. दोन ठिकाणे मिळून वाघाचे दैनंदिन जीवन प्रेक्षकांना प्रथमच इतक्या जवळून दिसले. १९८५ साली तो दूरचित्रवाणीवर आला. अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा मोठा सन्मान म्हणजे एमी पुरस्कार. तसे दोन त्याला मिळाले, आणि इतर आंतरराष्ट्रीय पुरस्कार १४ मिळाले.

येथपर्यंतचे चरित्र यशस्वी कलावंताचे आहे. नाव झाले, मान मिळाला, पुढील कामेही हाती होती. पण आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा खरा मोठेपणा येथून पुढे सुरू होतो.

१९९० नंतरच्या वर्षांत मध्य भारतातील जंगलांतून वाघ नाहीसे होत असल्याच्या वार्ता येऊ लागल्या. यावेळी मारेकरी मचाणावर बसणारा शिकारी नव्हता. चीनकडील औषधी बाजारात वाघाच्या हाडांना मागणी होती, कातड्यांनाही होती; आणि लोखंडी सापळे, विष व दलालांची साखळी यांच्या जोरावर हा धंदा गुपचूप चालला होता. ज्या वाघांची चित्रे काढून आपल्याला कीर्ती मिळाली, तेच वाघ पोत्यात भरून विकले जात आहेत, हे ध्यानात आल्यावर बेलिंडाबाईंनी १९९४ साली चित्रपटाचे काम सोडले आणि भारतीय वन्यजीव संरक्षण संस्था स्थापन केली. ही संस्था ‘डब्ल्यूपीएसआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

या संस्थेचे काम प्रवचनाचे नव्हे. चोरट्या शिकारीच्या आणि व्यापाराच्या बातम्या मिळवावयाच्या, त्या पोलीस व वनखात्याला पुरवावयाच्या, देशभरातील अशा गुन्ह्यांची नोंद ठेवावयाची, आणि पकडलेला आरोपी पुराव्याअभावी सुटू नये म्हणून कोर्टातील खटल्यांचा पाठपुरावा करावयाचा. धोक्याचे आणि चिकाटीचे काम आहे. पण पाहा, अनुबोधपटाच्या धंद्यात लागणारे गुण येथेही उपयोगी पडले: धीर धरणे, खुणा वाचणे, आणि जे घडले त्याचा जसाच्या तसा पुरावा ठेवणे.

कॅमेऱ्याचीही पुन्हा गाठ पडली. २००५ साली या संस्थेने इंग्लंडमधील एका पर्यावरण संस्थेच्या साहाय्याने तिबेटात जाऊन, तेथील उत्सवांत लोक वाघाच्या व बिबट्याच्या कातड्यांची किनार असलेले अंगरखे घालतात, याचे चित्रण करून आणले. ती चित्रे दलाई लामांपर्यंत गेली. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातील अमरावती येथे कालचक्र उत्सवासाठी हजारो तिबेटी जमले असता, त्यांनी अशी वस्त्रे वापरू नका असे आपल्या लोकांना कळकळीने सांगितले; आणि थोड्याच दिवसांत तिबेटात लोकांनी आपापली मोलाची कातडी आणून होळ्या केल्या. पुरस्कार मिळविणाऱ्या अनुबोधपटापेक्षा हे थोड्या मिनिटांचे रुक्ष चित्रण अधिक कामास आले असे म्हटले, तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

या दिशेने चालणारे त्या एकट्याच नव्हेत. माइक पांडे यांनी सरगुजा भागातील, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मध्य प्रदेशातील, रानटी हत्ती पकडण्याच्या मोहिमेवर केलेल्या अनुबोधपटास १९९४ साली ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार मिळाला. २००० साली त्यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर होणाऱ्या देवमाशाएवढ्या शार्कच्या कत्तलीवर चित्रपट केला, आणि २००१ साली त्या माशाला वाघाच्या बरोबरीचे कायदेशीर संरक्षण मिळाले. चेन्नईच्या शेखर दत्तात्री यांनी कर्नाटकातील कुद्रेमुखच्या लोहखाणीमुळे जंगलाची व नदीची काय दशा झाली ते चित्रित केले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती खाण बंद झाली. तात्पर्य हे की, शब्दाने जे पटत नाही ते डोळ्याला दाखविले म्हणजे पटते.

परंतु चित्राचीही एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. एका तासाच्या चित्रपटात वाघ दर पाच मिनिटांनी दिसतो. रानात तो पाच दिवसांतही दिसत नाही. मग कान्ह्यास गेलेला पाहुणा वाघ दिसला नाही म्हणून रुसून बसतो, आणि बारासिंग्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वस्तुतः १९७० साली कान्ह्यात बारासिंगे अवघे ६६ उरले होते, आणि मध्य भारतातील ही जात त्यावेळी जगात दुसरीकडे कोठेही नव्हती. आज तेथे ते शेकड्यांनी आहेत. हा चमत्कार वाघापेक्षा लहान नाही. तो घडविण्यासाठी गवताची कुरणे मोकळी करावी लागली, आणि कुरणे मोकळी करण्यासाठी गावे उठवावी लागली. १९६९ साली सौंफ गाव हलविले गेले. त्यामागून आणखीही कित्येक गावे गेली. पडद्यावर जे हिरवे मोकळे मैदान पाहून आपण धन्य धन्य म्हणतो, तेथे कोणाची तरी चूल पेटत होती, कोणाचे तरी देवस्थान होते. त्या बैगा-गोंड कुटुंबांनी दिलेली किंमत चित्रपटाच्या श्रेयनामावलीत येत नाही. आपण तरी ती विसरू नये.

आता आपल्या दाराशी येऊ. लामत्याच्या एका अंगाला कान्हा आहे आणि दुसऱ्या अंगाला, शिवनी जिल्ह्यात, पेंच आहे. या दोन वनांमधील जंगलाचा जो पट्टा बालाघाट, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांतून जातो, त्याला कान्हा-पेंच कॉरिडॉर म्हणतात. त्याच्या सभोवारचे आपण रहिवासी. वन विकास निगमाच्या एका प्रकल्प विभागाला तर आपल्या गावाचेच नाव आहे. कान्ह्याच्या व पेंचच्या वाघांची रक्ताची नाती जुळती आहेत, हे जनुकांच्या अभ्यासावरून दिसून आले आहे; म्हणजेच तरणे वाघ या पट्ट्यातून ये-जा करतात. हा रस्ता तुटला तर दोन्हीकडचे वाघ आपापल्या बेटावर अडकून पडतील, आणि आपसांतल्याच संबंधांमुळे पुढे दुबळे होतील.

वाघाला आपला मुलूख किती प्रिय असतो याचे एक उदाहरण पेंचचेच आहे. २००९ पर्यंत मध्य प्रदेशातील पन्नाचे सर्व वाघ संपले होते. तेथे पुन्हा वंश लावण्यासाठी बांधवगड आणि कान्हा येथून एकेक वाघीण नेण्यात आली, आणि पेंचहून एक वाघ. तो वाघ पन्नाहून निघाला तो थेट दक्षिणेची वाट धरून चालू लागला, जणू कोणी दिशा सांगितल्याप्रमाणे घराकडे. वनखात्याच्या लोकांनी कित्येक दिवस माग काढून त्याला परत नेले. पुढे तो तेथे रमला, आणि पन्नात आज वाघांची संख्या ५० च्या वर गेली आहे. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघ आढळले. त्यांपैकी ७८५, म्हणजे सर्वांत अधिक, आपल्या मध्य प्रदेशात. २००६ साली सबंध देशात १,४११ होते, हे लक्षात घेता ही कमाई मोठी आहे.

पण ही कमाई एका रात्रीत घालविता येते. डुकरांपासून पीक राखण्यासाठी शेताभोवती विजेची उघडी तार सोडली जाते. तिला वाघही चिकटतो आणि कधी शेजाऱ्याचा मुलगाही. गाय मारली गेली की संतापाच्या भरात उरलेल्या मांसावर कीटकनाशक टाकले जाते. वाघ दुसऱ्या रात्री परत येतो आणि पिलांसह मरतो. ज्याची दुभती गाय गेली त्याचे दुःख आम्ही हलके लेखत नाही. पण त्यावर उपाय विषाचा नव्हे. ताबडतोब वनरक्षकाला कळवून पंचनामा करविणे आणि सरकारी भरपाईचा अर्ज देणे, हा आहे. अर्ज लिहून देणारा, कार्यालयात सोबत जाणारा माणूस गरिबाला मिळत नाही. हे काम आपला ट्रस्ट सहज करू शकेल, अशी आमची विश्वस्तांना नम्र सूचना आहे. तसेच वर्षातून एकदा शाळेच्या पटांगणात जंगलावरील एखादा चांगला अनुबोधपट दाखवावा, आणि त्यानंतर एखाद्या जुन्या माहुताला अथवा वनरक्षकाला मुलांपुढे बोलते करावे.

आपल्या घरांतील एखाद्या मुलाला वा मुलीला हे काम करावेसे वाटले, तर तिकडे डोळे वटारू नयेत. चित्रपटाचे शास्त्र शिकविणारी सरकारी संस्था पुण्यास, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, १९६० पासून आहे; वन्यजीवांचा अभ्यास शिकविणारी संस्था डेहराडूनला १९८२ पासून आहे. पण पहिले शिक्षण घराजवळच मिळण्याजोगे आहे. वैनगंगेच्या काठची पाखरे ओळखणे, ओल्या वाटेवरचे ठसे वाचणे, आणि तासभर न बोलता एका जागी बसून राहणे, ही त्यातली मुळाक्षरे होत. त्यांना फी पडत नाही.

बेलिंडाबाईंना २००३ साली ब्रिटिश सरकारचा ‘ओबीई’ हा किताब मिळाला. पण त्यांचे चरित्र आपण वाचावे ते किताबासाठी नव्हे. ज्या वस्तूने आपल्याला मोठे केले, तिच्यावर संकट आले असता तिच्यासाठी आपला धंदा बाजूस ठेवता आला पाहिजे, हा त्यातला बोध आहे. या रानाने आपल्यालाही मोहफुले, तेंदूपाने, बांबू, सरपण, पाणी आणि सावली दिलेली आहे. त्याच्या वाटेने रात्री जो वाघ जातो, त्याला सुखरूप पलीकडे जाऊ द्यावे, एवढी फेड तरी आपल्या हातून घडावी.